विहिरीजवळच्या माडाविषयी

त्या सकाळी सडा टाकून झाला होता. मी भांडी विसळलेले पाणी बाटली पामच्या आळ्यात ओतत होते, सून मैना विहिरीवर केस धूत होती आणि माझा मुलगा भगवंत दात घासत उभा होता. विहिरीजवळच्या भेरली माडाला पहिल्यांदाच फुलोरा आला होता. शेंड्याखालून लांब झुपके लोंबत होते.

"माडाचे केस तुह्याहून लांब हायेत," भगवंत तिला म्हणाला.

तिने तांब्याभर पाणी त्याच्या अंगावर फेकले. मी ओरडले, "झाडाले टाक पाणी, त्याले काहून टाकतं?"

त्याच महिन्यात भगवंत विषमज्वराने गेला. लग्नाला वर्षही झाले नव्हते.

मी गोदाबाई, खुशालराव गावंडे ओव्हरसियर यांची विधवा, वय अठ्ठावन्न, राहणार अकोला. माझी बुद्धी ठिकाणावर आहे, माझ्यावर कोणाचा दाब नाही आणि हे मी स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यामागे माझ्या वस्तूंची व्यवस्था पुढीलप्रमाणे व्हावी.

घर, विहीर व मोकळी जागा यजमानांनी माझ्या नावाने घेतली होती. ती मी मैनाला देते. अट कोणतीही नाही. तिने पुन्हा लग्न केले तरी घर तिचेच राहील. करावे, असे माझे मत आहे. पोस्टात जे असेल तेही तिचे.

फाटकाजवळचे दोन बाटली पाम घराबरोबर जातील. यजमानांनी ते माडासोबत नागपूरहून आणले. सोबत रोपांचे सूचीपत्र होते. त्यात "बंगल्याच्या शोभेकरिता" असे छापले होते आणि आमचे घर तीन खोल्यांचे, कवेलूच्या छपराचे. लोक हसले. हे म्हणाले, "झाडाले काय समजते बंगला हाय का झोपडी?" त्याच सूचीपत्रावर बोट ठेवून, एकेक अक्षर लावत मी वाचायला शिकले. यांना माडाचे फूल दिसले नाही. ते आधीच गेले.

पंखा पामच्या दोन्ही कुंड्या शेजारच्या केशरबाईंना द्याव्या. भगवंत तापात होता तेव्हा त्या न बोलावता येऊन बसत. पाणी बेताने घालावे, त्यांचा हात सढळ आहे.

कुदळ, खुरपी आणि झारी बुधाजीला. दर उन्हाळ्यात आळी तोच करतो.

धाकटे दीर नत्थुजी, राहणार अकोट, यांना काही नाही. आमची शिडी त्यांनी नेलेली आहे, ती त्यांनीच ठेवावी.

आता माडाविषयी. हे लिहिणे भाग आहे, कारण मी गेल्यावर घरासाठी मैनावर पुन्हा बोट रोखले जाईल.

भगवंतच्या तेराव्याला घर भरले होते. जेवणे झाल्यावर नत्थुजी म्हणाले, "वहिनी, पोरीचा पायगुण बरा नाही. उद्याच तिले माहेरी धाडा." कोणी नाही म्हटले नाही. मैना दाराआड उभी होती. तिला आईबाप नाहीत. माहेरी भावजय आहे, तिने लग्नातच हात झटकले होते.

मी उठले आणि सगळ्यांना विहिरीपाशी नेले. "पोरीले काय बोलता? वर पाहा. दारात केस सोडून उभं हाय. आधी लावणारा नेला, आता मायं लेकरू नेलं."

सगळे वर पाहत राहिले. नणंद पार्वताबाईंनी पदर डोक्यावर ओढला. "बाई वो! खरंच की."

"मंग ठेवलं काहून?" नत्थुजी म्हणाले. "तोडा न!"

मैनाचे नाव त्यानंतर कोणी काढले नाही.

सूचीपत्रात लिहिले आहे की हा माड एकदा फुलला की वरून खाली फुलत येतो आणि शेवटचा घोस पिकला की आपणहून वाळतो. म्हणजे त्याला अजून काही वर्षे होती. मला ते ठाऊक होते. त्याने कोणाचे वाईट केले नाही. मैनानेही केले नाही. भगवंत तापाने गेला. दोघांपैकी कोणावरही माझ्यामागे दोष येऊ नये, म्हणून हे साक्षीदारांसमोर लिहून ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बुधाजीला बोलावून मी माड तोडून घेतला आणि पाहुण्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "गेली पिडा."

सही : गोदाबाई खुशालराव गावंडे

आमच्यासमक्ष वाचून सही केली :
१. डोमाजी सखाराम तायडे, अकोला
२. चंद्रभान विठोबा इंगळे, अकोला

अकोला, १७ नोव्हेंबर १९६४