इटलीसाहेबाच्या पंगतीला द्राक्षासव

मामंजी,

परवा नातसुनेनं मित्रमंडळींना जेवायला बोलावलं होतं. इटलीचं जेवण करणार होती, आणि कोणत्या पदार्थाबरोबर कोणती वाईन द्यायची यावरून तिचा आणि नातवाचा स्वयंपाकघरात वाद चालला होता. लाल की पांढरी, गोड की तुरट. मी लसूण सोलत बसले होते. तिनं सहज विचारलं, "आजी, तुम्हाला काय वाटतं?" माझ्या तोंडून निघून गेलं, "पाहुण्यांपैकी कुणाला काय दुखणं आहे ते आधी विचार." दोघंही हसले. मीही हसले. मग लसूण तसाच ठेवून माझ्या खोलीत आले, दार लोटलं, आणि तेव्हापासून तुमच्याशी बोलायचं आहे.

तुम्ही होता तेव्हा मी तुमच्यासमोर बसून कधी बोलले नाही. सासऱ्यासमोर सुनेनं बसायचा तो काळच नव्हता. पण लातूरच्या घराच्या पुढच्या खोलीत, तुमच्या दवाखान्यात, मी तुमच्या हाताखाली होते. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, घरात दुसरी बाई नाही, तेव्हा काढे उकळणं, मनुका निवडणं, आसवांच्या बरण्या ज्वारीच्या कणगीत पुरणं आणि मुरल्यावर काढणं, सगळं माझ्याकडे आलं. तुमची रीत अशी की नाडी पाहिल्याशिवाय औषधाचा थेंब द्यायचा नाही, आणि रोग्यासमोर रोगाचं नाव घ्यायचं नाही. तुम्ही आत फक्त बरणीचं नाव सांगायचात. "सूनबाई, दशमूळ." मी समजायची, बाळंतीण आहे. द्राक्षासवाची गोडी लागून कुणी ते नुसतंच मागायला आला तर त्याची धडगत नसे. "गुत्ता तिकडं हाय, गंजाच्या बाजारामागं. हितं औषध मिळतंय," असं म्हणून तुम्ही त्याला ओट्यावरून खाली उतरवायचात.

इटलीसाहेबालाही तुम्ही असंच उतरवलं होतं. तो सरकी काढायच्या कारखान्यात यंत्र बसवायला लातूरला आला होता. आपल्या तिखटानं त्याचं पोट बिघडलं आणि तुम्ही त्याला जेवणानंतर दोन चमचे द्राक्षासव तेवढ्याच कोमट पाण्यातून दिलं. वाटी नाकाशी नेली आणि त्याचे डोळेच भरून आले. मोडक्या उर्दूत म्हणाला, हे तर आमच्या घरचं पाणी. बरा झाल्यावर तो अख्खी बरणी मागायला आला. तुम्ही सांगितलंत, आता तुम्ही बरे आहात, आता हे तुमच्यासाठी नाही. तो हसत गेला. पुढे नांदेडच्या गिरणीत मोठा साहेब झाला आणि येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर तुम्हाला सलाम पाठवत राहिला.

निजामाचं राज्य तेव्हा शेवटच्या घटका मोजत होतं असं आता म्हणतात. आम्हाला तेव्हा तसं काही दिसत नव्हतं. दिसत होतं ते एवढंच की तुमच्या मुलाला, माझ्या नवऱ्याला, शाळेवर तिरंगा लावला म्हणून धरून नांदेडच्या तुरुंगात नेलं. आमच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. आपण भेटीला गेलो तेव्हा दोन शिपायांनी बखोटीला धरून त्यांना जाळीपर्यंत आणलं. रक्ती आव लागली होती. मला पाहून हसायला गेले आणि तेवढ्यानंच दमले. तुम्ही कुड्याच्या सालीचं औषध नेलं होतं, पहारेकऱ्यानं ते दारावरूनच परत केलं. अर्ध्या तालुक्याची आव थांबवणारे तुम्ही, आणि तुमचाच मुलगा तुमच्यापासून हातभर अंतरावर झिजत चालला होता. परतीच्या मोटारीत तुम्ही ते औषध मांडीवर धरून बसला होतात. मी पदर तोंडात कोंबून रडत होते आणि मला तुमचा संताप येत होता की तुम्ही रडत का नाही. घरी आल्यावर तुम्ही दवाखान्याचं दार आतून लावून घेतलंत. आतून येत होता तो आवाज खलाचा होता की तुमचा, मला आजही सांगता येणार नाही.

मग आपलं संकट कुणीतरी इटलीसाहेबाच्या कानावर घातलं आणि त्याचा माणूस निरोप घेऊन आला. तुरुंगाचे मोहतमीम, म्हणजे तिथले सगळ्यात वरचे अधिकारी, साहेबाचे दोस्त. येत्या रविवारी दुपारी साहेब चार दोस्तांना आपल्या मुलखाचं जेवण घालणार होता. पण हिंदुस्थान सरकारच्या नाकेबंदीमुळे मुंबईहून एक बाटली येत नव्हती, आणि वाईनशिवाय त्यांच्याकडे जेवणाला जेवण म्हणत नाहीत. निरोप असा होता: वैद्यबुवा, वाईन तुम्ही आणा, मोहतमीमांना समोर मी बसवतो, तुमचं गाऱ्हाणं तुम्ही तिथंच सांगा. "माझ्याकडं दारू नसती," एवढं बोलून तुम्ही पाठ फिरवलीत. मी दाराआड उभी होते. तुमच्या पाया पडायला पुढे येणारच होते. पण तुम्ही परत वळलात, आणि त्या माणसाला म्हणालात, "बस खाली. कायकाय रांधायलेत ते सांग."

प्रत्येक पदार्थ तुम्ही त्याच्याकडून उकरून काढलात. आधी घेवड्याचं सार. मग मैद्याच्या शेवया, त्याही गोड नाहीत, टोमॅटो आणि लसणात घोळलेल्या. मग आंबट रसातली कोंबडी. शेवटी शेळीच्या दुधाचं खारवलेलं पनीर. ज्या घरात कांदा वर्ज्य, त्या घराच्या ओट्यावर बसून तुम्ही कोंबडी किती वेळ शिजवतात ते विचारत होतात. "जेवता जेवताच पितात म्हणे," तो माणूस गेल्यावर तुम्ही माझ्याकडे न बघता म्हणालात. "लई उलटी रीत हाय. पण करायची." आणि आपण बरण्या काढायला लागलो. दशमूळ नको, ते बाळंतिणीचं. लोहासव नको, दात काळे होतील. मी कोरफडीच्या आसवाला हात घातला तर तुम्ही दचकून म्हणालात, "अगं, पंगतीतून उठून पळतील ना सगळे!" मला हसू फुटलं. तुम्हालाही फुटलं. मग एकदम आपल्या दोघांनाही आठवलं की आपण हे कशासाठी करतो आहोत.

खारट पनीराबरोबर खजुराचं ठरलं, कोंबडी उष्ण म्हणून तिच्याबरोबर जांभळाचं, तुरट. शेवया मैद्याच्या, जड, त्यांच्यावर द्राक्षासव. ती बरणी तुम्ही कणगीच्या तळातून काढलीत. सासूबाईंनी घातलेली ती शेवटची बरणी होती. फडकं सोडून तुम्ही एक थेंब तळहातावर घेतलात आणि चाटलात. त्या बरणीला आजवर एकाही रोग्यासाठी हात लावला नव्हता. "हे पाजू," तुम्ही म्हणालात. "ह्याच्यावर कोन बी खूश होईल."

नांदेडला बंगल्याच्या मागच्या अंगणात दोरीवर शेवया वाळत होत्या. आपल्याकडे बायका घालतात तशाच, फक्त जाड. मी स्वयंपाकघराच्या दारात बरण्या घेऊन बसले, तिथून पुढचं टेबल दिसत होतं. मोहतमीमसाहेब वाईट दिसत नव्हते. मला राक्षस दिसेल असं वाटलं होतं, आणि समोर होता एक थुलथुलीत, हसतमुख, गोड बोलणारा माणूस. एका पायात बूट, दुसऱ्यात सपात, कारण अंगठ्याला पट्टी होती. आल्या आल्या त्यांनी पाणी मागितलं, मग परत मागितलं. इटलीसाहेबानं तुमची ओळख करून दिली, तेव्हा तुम्ही तुमची रीत सोडली नाहीत. म्हणालात, नाडी पाहिल्याशिवाय मी कुणालाच काही देत नाही. सगळ्यांना गंमत वाटली. एकेकानं हात पुढे केला. बाकीच्यांचे तुम्ही झटपट सोडलेत. मोहतमीमांचा सोडेनात.

"प्यास बहुत लगती क्या?" तुम्ही विचारलंत. "हौ हकीमजी, सुराही की सुराही खाली कर देतूं." "और ये पाँव?" "जूता काटा था. महीना हुआ, भरताइच नै." तुम्ही उठून दारापाशी आलात आणि हळूच म्हणालात, "सूनबाई, ह्यांना जांभळाचं. दुसरं काही नाही."

मला कळलं. ज्यांच्या लघवीला मुंग्या लागतात त्यांना आपण जांभळाचं द्यायचो, आणि गूळ, मध, द्राक्षासव त्यांना शिवू द्यायचो नाही. त्यातल्या न ऐकणाऱ्या एकाचा पाय काळा पडत पडत गेलेला मी आपल्याच ओट्यावर पाहिला होता.

शेवया आल्या. बाकीच्यांच्या पेल्यांत द्राक्षासव, मोहतमीमांच्या पेल्यात जांभळाचं. त्यांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं, शेजाऱ्याचा पेला उचलून चाखला आणि डोळे मिटले. "वाह! मेरेकू ये कसैला पानी, और इन लोगां कू ये?" तुम्ही म्हणालात, "साहेब, वो आपके लिए नहीं है." इटलीसाहेबानं काटा खाली ठेवला. "क्यों? मैं क्या कम हूँ इनसे?" मोहतमीमांनी हसतच विचारलं, पण ताटावरचा हात मागे घेतला होता.

खरं कारण सांगायला दोन शब्द पुरे होते. पण आजारी आहात, हे पिऊ नका, असं भरल्या पंगतीत साहेबाला ऐकवायचं आणि मग त्याच्यापुढे हात जोडायचे? तुम्ही मान वळवून माझ्याकडे पाहिलंत. माझ्या चेहऱ्याकडे नाही, कपाळाकडे. माझ्या कुंकवाकडे. मग वळलात आणि मी तुमच्या तोंडून कधी ऐकला नव्हता अशा लाचार आवाजात म्हणालात, "घर की आखरी बरनी है साहेब. दिल नहीं हो रहा था. आप ही के लिए लाया." आणि स्वतः उठून त्यांचा पेला काठोकाठ भरलात. तो संपला, परत भरलात. नाडी पाहणाऱ्या त्याच हातानं. मी दारात बसून मनात म्हणत होते, ओता, आणखी ओता.

पनीर येईपर्यंत मोहतमीमसाहेब खुलले होते. तुम्ही हात जोडून मुलाचं नाव सांगितलंत. "अरे, वो लातूर का लड़का आपका है? पहले बोलना था ना!" इतकंच होतं ते. उद्या सकाळी त्याला दवाखान्यात हलवतो म्हणाले, तुमचं औषधही चालू द्या म्हणाले. मी भिंतीला डोकं टेकून रडले. उठताना त्यांनी उरलेली बरणी गाडीत ठेवायला सांगितली आणि तुमच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हकीमजी, ये हर महीने भेजते रहना."

आणि आपण पाठवत राहिलो. पहिल्या खेपेला तुम्ही गूळ निम्मा घालायला सांगितलात. नांदेडहून निरोप आला, पहिल्यासारखं नाही, वैद्यबुवा आता विसरले वाटतं. तिकडे दवाखान्याच्या खाटेवर तुमचा मुलगा नुकता पेज प्यायला लागला होता. पुढच्या खेपेला तुम्ही मला बाजूला सारून स्वतःच्या हातानं गूळ फोडलात. महिन्यामागून महिना ती बरणी मोटारीनं जात राहिली. दर वेळी ती गेली की तुम्ही त्या दिवशी जेवायचा नाहीत, उपास आहे म्हणायचात. मग तुमचा मुलगा सुटून घरी आला, काठी टेकत, पण आला. राज्यही गेलं. मोहतमीमसाहेब हैदराबादला निघून गेले. स्टेशनवर त्यांना खुर्चीत बसवून उचलून आणलं होतं, एवढंच कानावर आलं. त्या दिवसापासून तुम्ही कुणाची नाडी पाहिली नाहीत. लोक हात पुढे करायचे आणि तुम्ही म्हणायचात, "बोटं बधिर झाली बाबा, काही लागत न्हाई." मनुकांतला बारीकसा खडा मात्र त्या बोटांना शेवटपर्यंत लागायचा.

तुमचा मुलगा भरपूर जगला. मुलं झाली, नातवंडं झाली. गेल्या वर्षी गेले, झोपेत. आयुष्यभर सांगत राहिले, वडिलांच्या पुण्याईनं सुटलो. मी कधी दुरुस्त केलं नाही. तुम्ही हयात असताना ते असं म्हणायचे तेव्हा तुम्ही उठून बाहेर जायचात. त्यांना वाटायचं, म्हाताऱ्याला कौतुक सोसत नाही.

हे कागद मी घडी करून कपाटात ठेवणार आहे. मुलांना यातलं काही कळायला नको. पण तुम्हाला एक सांगायचं राहिलं. तुमचा समज होता की त्या दुपारी नाडीत काय लागलं ते तुम्हा एकट्यालाच ठाऊक होतं, सुनेनं फक्त बरण्या उचलल्या. तसं नव्हतं. जांभळाचं म्हणालात तेव्हाच मला सगळं समजलं होतं. "आपके लिए नहीं" म्हणालात तेव्हा माझा हात बरणीवर होता, आणि तुम्ही ओतलं नसतंत तर डोक्यावरचा पदर सोडून, भर पुरुषांत जाऊन, मीच ओतलं असतं. पुढची कितीतरी वर्षं तुम्ही ओसरीवर एकटे बसायचात, आणि मी चहा ठेवून आत जायची. एकदा तरी सांगायला हवं होतं की मामंजी, मलाही ठाऊक होतं. नाही सांगितलं. ते ओझं तुमच्या एकट्याचं होतं तोवर मला माझ्या संसारात सुखानं राहता येत होतं.