टोकाकडचा अंधार

४ नोव्हेंबर

तलवारीचं टोक अजून अंधारातच! मुठीपाशी बघवत नाही एवढा झगझगाट, आणि टोकाकडे नुसती सावली. लेकीने पात्याची नळी सरळ कापली आहे, आतला दुधी कागदही एक सुरकुती न पडता बसवला. मग घोडं पेंड खातंय कुठे? भिंगात. मुठीतल्या दिव्यापुढचं भिंग फार रुंद आहे – सगळा उजेड तिथेच सांडतो, पुढे जायला उरतच नाही.

नाटकातली शेवटची लढाई या तलवारीवर आहे. दिग्दर्शक म्हणाला, काका, उजेड मुठीपासून टोकापर्यंत एकसारखा पाहिजे. म्हटलं, तुझ्या जन्माआधीपासून हेच करतोय.

७ नोव्हेंबर

नवी भिंगं आली. एक मध्यम झोताचं, एक अगदी अरुंद. लेकीने मध्यम बसवलं, पडदे ओढले. मी नेहमीसारखी मूठ उजव्या हातात धरून तलवार आडवी केली आणि डावा डोळा मिटला. ही अण्णांची शिकवण – दोन डोळे एकमेकांना सांभाळून घेतात, उजेड जोखायचा तर एकानेच. शेवटी काचबिंदूने त्यांचे डोळे गेले, पण या कामात वडिलांचा हात धरणारा मी तरी पाहिला नाही.

टोक काळंच! लेक म्हणे एकसारखी आहे, दोन्ही डोळ्यांनी बघा. दोन्ही डोळ्यांनी तर काय, सगळंच गोड दिसतं. हल्ली हिला काहीही चालतं.

८ नोव्हेंबर

दिवसभर झटापट. भिंग पुढे सरकवलं, मागे घेतलं, टोकाच्या आत छोटा आरसा चिकटवला. ढिम्म फरक नाही.

९ नोव्हेंबर

नको ते झालं.

लेकीने शेजारणीला बोलावून आणलं – पंच म्हणून! शेजारीण म्हणाली, छान दिसते की सगळीकडे. माझं डोकंच फिरलं. घरातली गोष्ट चव्हाट्यावर? तिच्यासमोरच लेकीला म्हणालो, "तुला डोळे आहेत की बटणं? तपासून घे एकदा!"

लेकीने हत्यारं पुसून जागच्या जागी ठेवली. मग हळूच म्हणाली, आई गेल्यापासून माझं एक काम तुम्हाला पसंत पडलं नाही, बाबा. बॅग भरली. मावशीकडे जाते म्हणाली. मी म्हटलं, जा. थांब म्हणायला हवं होतं.

१० नोव्हेंबर

पक्कड हवी होती. मान न वळवता हात मागे केला. तसाच राहिला.

११ नोव्हेंबर

अरुंद भिंग बसवलं. आता कुठे टोक उजळलं! "बघ," म्हणालो. बघायला होतं कोण?

१४ नोव्हेंबर

तालमीत पुरती लाज गेली. रंगमंचावर अंधार केला, नटाने तलवार उचलली आणि विंगेतून कुणीतरी फिस्सकन हसलं. टोक पेटलेलं, मुठीकडे अंधार – पेटवलेली काडीच! आणि मलाही तशीच दिसली. घरी तर ठीक होती. वाटेत भिंग सरकलं असणार.

दिग्दर्शकाने बाजूला घेतलं. परवापर्यंत जमत नसेल तर काम दुसऱ्याला देतो म्हणाला. लेकीला विचारावंसं वाटलं. फोन हातात घेतला, ठेवून दिला. कोणत्या तोंडाने करू?

१५ नोव्हेंबर

लेकीचं मध्यम भिंग परत बसवलं. पडदे ओढले. तलवार टेबलावर टाकली ती घाईत उलटी पडली – मूठ डावीकडे, टोक उजवीकडे. डावा डोळा मिटला.

टोक लख्ख. मूठ काळी!

फिरवली. मूठ लख्ख, टोक काळं. पुन्हा फिरवली. तलवार फिरते, अंधार जागचा हलत नाही. डावीकडेच.

दोन्ही डोळे उघडले. इकडून तिकडे एकसारखी. लेक म्हणाली होती तश्शी.

तिथेच खाली बसलो. अण्णांचंही असंच एका बाजूने सुरू झालं होतं. डॉक्टर तेव्हाच म्हणाले होते, हे घराण्यात उतरतं, पोरानातवंडांचे डोळे दाखवत राहा. मी माझे दाखवले नाहीत. लेकीचे तर नाहीतच.

१६ नोव्हेंबर

तलवार लेकीच्या भिंगासकट देऊन आलो. सगळ्यांना पसंत.

मग लेकीला फोन लावला. आधी चुकलो म्हणायचं ठरवलं होतं. पण तिचा आवाज ऐकताच तोंडातून निघालं, "डोळे तपासून घे गं, बाळा."

"अजून तेच का, बाबा?" म्हणाली, आणि फोन ठेवला.

परत परत लावतोय. उचलत नाही.