हिप्पळवाडीच्या सीताफळांची तिसरी चाचणी

प्रति,
मा. प्रकल्प प्रमुख,
फळे व भाजीपाला काढणीपश्चात संशोधन प्रकल्प,
अहमदपूर, जि. लातूर.

अर्जदार : गुरुबसप्पा शिवलिंगप्पा बिरादार, वय ६८, धंदा शेती, रा. हिप्पळवाडी, ता. अहमदपूर.

विषय : अर्जदाराने श्री. सोमेश मठपती यांच्याविरुद्ध केलेली तक्रार निराधार असल्याने ती रद्द करणे, तसेच हिप्पळवाडीच्या फळांची तिसरी चाचणी अर्जदारास दूर ठेवून घेणेबाबत.

संदर्भ : १) अर्जदाराचा तक्रार अर्ज, दि. १४/१०/२०२५. २) दुसऱ्या चाचणीचा अहवाल, दि. ०४/११/२०२५.

महोदय,

१. हिप्पळवाडीच्या माळावर अर्जदाराची दोन एकर सीताफळाची बाग आहे. हे फळ तोडले की चार-सहा दिवसांत मऊ पडते, त्यामुळे ते नांदेड-लातूरच्या पलीकडे जात नाही. ते अधिक दिवस कसे टिकवावे याचा अभ्यास आपल्या प्रकल्पात चालतो. हिप्पळवाडी आणि टेंभुर्डी या दोन गावांपैकी ज्या गावाचे फळ आपल्या शीतकक्षात जास्त दिवस चांगले राहील, त्या गावच्या महिला गटास लहान शीतगृह द्यायचे, असे ठरले होते. हिप्पळवाडीचा गट अर्जदाराची सून सौ. उज्वला चालवते. गटात अकरा महिला असून त्यांनी या कामासाठी सबंध पावसाळा बागेत घालवला आहे.

२. दि. ६ ऑक्टोबर रोजी आपल्याकडील संशोधन सहायक श्री. सोमेश मठपती नमुने नेण्यास बागेत आले. मुलगा धर्माबादचा, बोलण्यात गोड. बांधावरून चालता चालता त्याची सासुरवाडी टेंभुर्डीची असल्याचे अर्जदारास कळले आणि तिथेच अर्जदाराच्या मनात पाल चुकचुकली. हा आपली फळे वाटेत बदलणार, टेंभुर्डीची म्हणून आपली दाखवणार आणि आपली म्हणून कुठली तरी सडकी ठेवणार, असे अर्जदाराने मनाशी पक्के धरले. महिला भाकरी खाण्यास झाडाखाली बसल्या असता अर्जदाराने क्रेटमधील एकशे वीस फळांपैकी प्रत्येकाच्या देठाजवळ अंगठ्याच्या नखाने एक खूण केली. फळ बदलले तर ओळखू यावे, एवढाच हेतू होता. ही गोष्ट अर्जदाराने कोणासही, उज्वलासही, सांगितली नाही.

३. चौथ्या दिवशी निरोप आला की हिप्पळवाडीचे फळ शीतकक्षातच काळे पडले. त्याच झाडांची फळे अर्जदाराच्या घरी टोपलीत पाचव्या दिवशीही घट्ट होती. अर्जदार तातडीने अहमदपूरला आला आणि खराब झालेली फळे पाहण्यास मागितली, तर ती खड्ड्यात पुरल्याचे सांगण्यात आले. सडके फळ तिथे ठेवत नाहीत, तसा नियम आहे, हे अर्जदारास आज समजते. त्या दिवशी मात्र अर्जदाराने एवढाच अर्थ काढला की पुरावा नाहीसा केला. संदर्भ क्र. १ चा अर्ज त्याच रागात लिहिलेला आहे. त्यात श्री. सोमेश यांनी सासुरवाडीसाठी फळे बदलली, असे अर्जदाराने 'खात्रीपूर्वक' म्हटले आहे. तो शब्द अर्जदाराचा आहे; खात्री कसलीच नव्हती. त्या अर्जावरून श्री. सोमेश यांना चौकशी होईपर्यंत कामावरून थांबवण्यात आले आणि आपण उदार मनाने हिप्पळवाडीस दुसरी चाचणी दिली.

४. दुसरी चाचणी दि. २७ ऑक्टोबरपासून आपल्याकडील शास्त्रज्ञ डॉ. पुनम यांच्या देखरेखीखाली झाली. या वेळी अर्जदाराने कोणावरच भरवसा ठेवला नाही. क्रेटवर अर्जदाराच्या सहीची चिकटपट्टी लावून घेतली. गाडीत अर्जदार क्रेटला टेकून बसला. आपला वजनकाटा बरोबर दाखवतो का, हे पाहण्यासाठी घरचे दोन किलोचे माप पिशवीत घालून आणले. शीतकक्षासमोरच्या बाकावर अर्जदार रोज कार्यालय उघडल्यापासून बंद होईपर्यंत बसला आणि आत कोण गेले, हातात काय होते, किती वेळाने बाहेर आले, हे वहीत लिहीत राहिला. आपल्याकडील शिपाई जेवणाचा डबा घेऊन आत जाऊ लागला तेव्हा अर्जदाराने तो डबा उघडून दाखवण्यास सांगितले. शिपायाने दाखवला. त्यात मेथीची भाजी होती. त्याबद्दल अर्जदार त्यांची क्षमा मागतो.

मात्र निघण्यापूर्वी, बागेतच, अर्जदाराने पुन्हा सर्व फळांवर खुणा केल्या होत्या. पहिल्या वेळची खूण बारीक होती, म्हणून या वेळी दोन-दोन आणि खोलवर केल्या.

५. तिसऱ्या दिवशी डॉ. पुनम यांनी अर्जदारास आत बोलावून क्रेट उघडले. चिकटपट्टी जशीच्या तशी होती. अर्जदाराने एकेक फळ उचलून पाहिले. एकही फळ बदललेले नव्हते, प्रत्येकावर अर्जदाराचीच नखे होती. आणि प्रत्येक फळ त्या नखांपासूनच सडत चालले होते. खुणेभोवती रुपयाएवढा काळा डाग, आत बोट गेले तर पाणी. डॉ. पुनम म्हणाल्या, "काका, साल फुटली की बुरशी आत शिरते आणि फळही लवकर पिकते. थंडीचा मग उपयोग होत नाही. ह्या जखमा कशाच्या आहेत?"

अर्जदारास उत्तर ठाऊक होते. अर्जदार म्हणाला, "पाखरानं टोचलं असंल."

त्यावरून संदर्भ क्र. २ च्या अहवालात 'पक्ष्यांचा उपद्रव. बागेची निगा असमाधानकारक' असा शेरा आला आणि शीतगृह टेंभुर्डीस देण्याची शिफारस झाली. हा शेरा अर्जदाराच्या खोट्या बोलण्यामुळे आला आहे.

६. अहवाल गावात पोहोचला तेव्हा सौ. उज्वला हिने तो दोनदा वाचला. झाडांवर जाळ्या तिने आणि गटातील महिलांनी स्वतः बांधल्या होत्या. फळाला देठाशिवाय हात लावायचा नाही, असा दंडक तिने घातला होता. ती अर्जदारास म्हणाली, "मामंजी, पाखरू मोजून टोचतंय का? एकशे वीस फळं, अन् सगळ्यांना देठापाशीच?" तिची नजर अर्जदाराच्या उजव्या अंगठ्यावर गेली. सीताफळाच्या चिकाने नख काळे पडलेले होते. ती पुढे एक शब्द बोलली नाही. तेव्हापासून ती ताट वाढते, पाणी ठेवते आणि आत निघून जाते. गटातील महिला अर्जदाराच्या दारावरून जाताना आवाज बारीक करतात. त्या काय बोलत असतील, याचा अंदाज अर्जदार दिवसभर बसून बांधत असतो.

७. दि. ७ नोव्हेंबर रोजी अर्जदार धर्माबादला गेला. श्री. सोमेश हल्ली तेथे एका मिरचीच्या आडतीवर पोती मोजतात. अर्जदारास पाहून ते चिडले नाहीत, उलट चहा मागवला. हा एवढा शांत कसा, याच्या मनात काय आहे, असा संशय अर्जदारास तिथेही आला, हे लपवून उपयोग नाही. अर्जदाराने नखांची गोष्ट सांगितली, तेव्हा ते म्हणाले, "ठाव हाय मला. पहिल्याच दिशी दिसल्या होत्या."

त्यांनी मोबाइलमधील त्या खुणांचा फोटो दाखवला. अर्जदाराने त्यावरील तारीख दोनदा तपासली. सहा ऑक्टोबरच होती.

अर्जदाराने विचारले, "मग तवाच कामून नाही बोललास?"

ते म्हणाले, "इजा झालेलं फळ नमुन्यात चालत नाही, काका. लिहिलं असतं तर तुमचं गाव त्याच दिशी बाद झालं असतं. बाया उन्हात उभ्या राहून एकेक फळ निवडत होत्या, ते मी पाहिलं होतं. म्हटलं, खूण बारीक हाय, निभंल."

"अन् चौकशीत?"

"तवा बोललो असतो तर दुसरी चाचणी भेटली नसती."

"मला तरी सांगायचं."

"तुमी माझ्याशी बोलतच कुठं होते?"

अर्जदार निघताना त्यांनी त्या फोटोची प्रत दिली आणि म्हणाले, "अर्जाला लावा. पण मी लपवलं, तेबी लिहा. अर्धं लिहू नका." त्यानुसार ते येथे लिहिले आहे. त्यांची चूक एवढीच, आणि तीही अर्जदाराच्या गावासाठी झालेली आहे.

८. सबब अर्जदाराची विनंती की, श्री. सोमेश मठपती यांना कामावर परत घ्यावे. अहवालातील पक्ष्यांचा उल्लेख खोडून तेथे अर्जदाराचे नाव घालावे, जरूर तर पूर्ण पत्त्यासह. दंड, बंदी, जी शिक्षा नियमात बसते ती अर्जदारास द्यावी, परंतु गावास व गटास देऊ नये. बागेत उशिराच्या बहराची दीडशेच्या आसपास फळे अजून झाडावर आहेत, ती आठवडाभरच टिकतील. तेवढ्यांवर तिसरी चाचणी घ्यावी. फळे सौ. उज्वला तोडेल, महिला निवडतील, गाडी आपली असेल.

या काळात अर्जदार बागेच्या आसपास नसावा, असे आपणास साहजिकच वाटेल. अर्जदारास स्वतःबद्दल तसेच वाटते. घरी राहिलो तर हात गप्प राहणार नाही, एखादे तरी फळ दाबून पाहिले जाईल. म्हणून अर्जदार आज सकाळीच गाव सोडून लोहा येथे मुलगी वैष्णवी हिच्याकडे आला आहे व हा अर्ज तेथूनच स्पीड पोस्टाने पाठवत आहे. निघताना उज्वला दारापर्यंत आली. "निकाल लागला की फोन करते," एवढेच म्हणाली. पाच दिवसांत ती अर्जदाराशी पहिल्यांदा बोलली.

चाचणी पूर्ण होईपर्यंत अर्जदार लोहा सोडणार नाही. आपणास शंका असल्यास कोणत्याही वेळी माणूस पाठवून खात्री करावी. अर्जदार त्यास चहा देईल आणि कारण विचारणार नाही.

आपल्या विश्वासास अद्याप पात्र न ठरलेला,
नम्र अर्जदार,
(सही) गुरुबसप्पा शि. बिरादार
मुक्काम लोहा, जि. नांदेड.
दि. १०/११/२०२५

सोबत :
१) श्री. सोमेश यांनी काढलेल्या फोटोची प्रत.
२) शीतकक्षासमोर बसून लिहिलेली वही. तीत कोणाविरुद्ध काहीही आढळले नाही.
३) अहमदपूर ते लोहा प्रवासाचे आजचे एस.टी. तिकीट. ज्येष्ठ नागरिक असल्याने ते अर्धे आहे. प्रवास पूर्ण केला आहे.