सगळे वर आले

२ एप्रिल २००७, सोमवार. रोहणा

आजपासून नोकरी सुरू. बाबांच्या दुकानात बसून साबणाच्या वड्या रचण्यापेक्षा हे कितीतरी बरं. आई एसटी स्टँडवर अशी रडली की कंडक्टरला वाटलं पोरगी सासरी चालली. वर्ध्याहून रोहणा काही परदेश नाही, पण संस्थेने शाळेमागे खोली दिली आहे, म्हणून शनिवारी घरी आणि सोमवारी परत, असं ठरलं.

संस्था गावोगाव विहिरी खोदून देते. मी त्यांची कम्प्युटरवाली. पुण्याच्या पोरांनी बनवलेला प्रोग्राम आहे. विहिरीच्या नंबरखाली कामं, कामापुढे माणसाचं नाव, त्यापुढे रिकामा चौकोन. काम झालं की चौकोनात टिक. ओळ हिरवी होते, आणि ‘झालेली कामं लपवा’ हे बटण दाबलं की पडद्यावरून निघून जाते. संस्थेचे प्रमुख भैय्याजी यांना रिकामा पडदा फार आवडतो. म्हणाले, बेटा, पाहुणे आले की त्यांना हिरवं दिसलं पाहिजे, बाकी सगळं आपण पाहून घेऊ.

माझी कामाची खोली नवी कोरी, संस्थेच्या आवारात वेगळी बांधलेली. बाहेर नुसती भट्टी पेटली आहे आणि इथली फरशी इतकी गार की मी चपला काढूनच बसले. कूलरसुद्धा लागत नाही. माझं नशीब उघडलं म्हणायचं.

४ एप्रिल, बुधवार

चहा-झाडूचं काम देवकाबाई करते. बोलायला लागली की थांबत नाही, पण माझ्या खोलीत पाय ठेवत नाही. चहा उंबऱ्यावरूनच देते. म्हणे, या फरशीनं माहे पाय ठणकतात, बाई. तिचा मुलगा श्रावण इथेच विहिरी खोदायचा. गेल्या उन्हाळ्यात कुणाला न सांगता सुरतला गेला, असं भैय्याजींनी तिला सांगितलं आहे. आर्वीकडून बस आली की ती हातातला झाडू घेऊन फाटकापर्यंत जाते. मी थट्टेने म्हटलं, तुझा श्रावण सुरतेची सून घेऊनच येईल. ती हसली. म्हणे, आणू दे, पण फोन काऊन करत नाई तो?

आज एक नियम कळला. पैसे देणाऱ्या पाहुण्यांनी घालून दिला आहे. विहिरीत उतरलेल्या प्रत्येक मजुराच्या नावापुढे संध्याकाळी ‘वर आला’ अशी टिक मारायची. सगळे वर आल्याशिवाय त्या दिवसाचं काम पूर्ण धरायचं नाही. नियम चांगला आहे, पण चार वाजता लाइन जाते ती सातलाच येते. म्हणून इथे सगळे तीनलाच टिक मारून मोकळे होतात. सुपरवायझर गजेंद्र म्हणाला, मॅडम, झालं समजा, मानूस खड्ड्यात राहून काय करन?

पटलं मला. मीही तीनलाच मारली.

६ एप्रिल, शुक्रवार

प्रोग्राममध्ये बिघाड आहे. सात नंबरची विहीर गेल्या वर्षीच बंद झाली, सगळी कामं हिरवी, लपवलेली. तरी आज सकाळी पडद्यावर तिची एक ओळ आपोआप उघडली होती. ‘श्रावण – वर आला’. चौकोन रिकामा. मी टिक मारली, लपवली. जेवून आले तर परत हजर.

कीबोर्डवर ओल्या मातीचे ठसे होते. गजेंद्रला झापलं की चिखलाच्या हातांनी माझ्या मशीनला हात लावायचा नाही. तो शपथा खात होता. चोर तो चोर.

९ एप्रिल, सोमवार

ती ओळ रोज येते. मी रोज टिक मारते. आज ओळीला म्हटलं, बाबा, तू सुरतेत मजेत आहेस, इथे माझं डोकं काऊन खातो? देवकाबाईने दारातून ऐकलं आणि विचारलं, कोनाशी बोलून राह्यली? मी म्हटलं, मशीनशी.

११ एप्रिल, बुधवार



तीनला टिक मारल्या. आज विहिरीत उतरलेल्या पुनाजीचीही. चारला लाइन गेली. साडेपाचला गजेंद्र मोटरसायकलवर आला, तोंड पांढरं पडलेलं. पुनाजी विहिरीत छातीपर्यंत गाडला गेला होता. दोर लावून ओढलं की तो आणखी खाली जायचा. आम्ही दोघं गेलो. त्याची बायको सुंदरा काठावर त्यांच्या गोंडी बोलीत काहीतरी म्हणत होती, मला एक शब्द कळला नाही आणि सगळं कळलं.

माझ्या मनात एकच. कम्प्युटरात हा माणूस वर आलेला आहे. मी खोटं लिहून ठेवलं आहे. तो मेला तर तेच खरं धरलं जाईल. पळत परत आले. आज लाइन लवकर आली. पुनाजीची टिक काढली. तेवढ्यात गजेंद्रचा फोन, की आत्ता, या मिनिटाला, माती सुटली आणि तो वर आला.

पुनाजी जिवंत आहे. फक्त एकच सांगतो. कोनीतरी खालून पायाले धरून मले वर लोटलं. हात लय थंडे होते.

१२ एप्रिल, गुरुवार

माझ्या आधी इथे धीरज नावाचा मुलगा होता. पुलगावला असतो. त्याला फोन केला. मी नाव सांगितलं, रोहण्याहून बोलते म्हटलं, बाकी काही नाही. त्याने आधी हेच विचारलं, की श्रावण वर आला का?

मग रडत रडत सांगितलं. त्या दिवशी त्यानेही तीनला टिक मारली होती. संध्याकाळी वादळ आलं, सात नंबरची विहीर ढासळली. भैय्याजींनी पडद्यावर पाहिलं, सगळे वर आले. दुसऱ्या दिवशी कोणी पडू नये म्हणून ट्रॅक्टरने मुरूम टाकून ती बुजवली. श्रावण दिसेना, तेव्हा भैय्याजी म्हणाले, कम्प्युटर खोटं बोलते का, तो सुरतले गेला असन.

मी विचारलं, सात नंबरची विहीर कुठे होती?

त्यावर बांधलेल्या खोलीतच मी बसले होते. चपला काढून.

१६ एप्रिल, सोमवार

शनिवारी जयंतीची सुट्टी होती. घरी गेले, आईजवळ झोपले, परत येणार नव्हते. पण देवकाबाई फाटकाशी जाऊन उभी राहते, ते डोळ्यांपुढून हलेना. मी थट्टा केली होती तिची. सुरतेची सून म्हणे. स्वतःचं तोंड फोडावंसं वाटलं.

भैय्याजींना सांगितलं, फरशी फोडा, त्याला काढा. ते चिडले नाहीत. चिडले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, शुक्रवारी पाहुणे येऊन राह्यले, तोवर पडदा हिरवा पाहिजे. एका जुन्या कामासाठी एवढ्या गावांचं पाणी थांबवतेस का?

मी बाहेर आले आणि श्रावणची टिक काढली. आता मारणार नाही. प्रोग्रामने विचारलं, बंद विहिरीच्या उघडलेल्या कामावर कोण? नाव दिल्याशिवाय पुढे जाईना. दुसऱ्या कुणाचं नाव घालायचा धीर झाला नाही. माझं घातलं.

सात नंबरखाली आता दोन ओळी आहेत. ‘श्रावण – वर आला’. ‘सपना – वर आली’. दोन्ही चौकोन रिकामे.

१७ एप्रिल, मंगळवार

दुपारी फरशीखाली कुदळ चालते. थांबून थांबून. माणूस दमतो तशी.

दरवेळी थोडी वर ऐकू येते.

१८ एप्रिल, बुधवार

देवकाबाईला सांगितलं. सगळं. ती रडली नाही. उंबऱ्यावर बसली, आणि पहिल्यांदा हात आत घालून फरशीवर ठेवला. म्हणे, मले मालूम होतं. पायाले मालूम होतं.

आता फाटकाशी जात नाही. इथेच बसते.

१९ एप्रिल, गुरुवार

गजेंद्र आणि पुनाजी तयार झाले. उद्या फरशी फोडायला सब्बल, आणि दोर, शिडी घेऊन येतील. पाहुण्यांसमोरच फोडायचं. भैय्याजींना काय करायचं ते करू दे.

मधली एक फरशी खचली आहे. फटीतून ओल्या मातीचा वास. आणि गार हवा, कोणी श्वास सोडावा तशी –

मी उद्यापर्यंत मशीन सोडणार नाही. कोणी टिक मारली तर –

२० एप्रिल, शुक्रवार

पाहुण्यांसाठी जनरेटर आणला आहे. खिडकीशीच. कानठळ्या बसतात. गजेंद्रची जीप निघाली, येतच असतील. मी खुर्चीत. देवकाबाई उंबऱ्यावर.

कुदळ अगदी पायाखाली.

–

दारापुढची फरशी गेली. देवकाबाई त्या बाजूला, मी या बाजूला, मध्ये खड्डा. मुरूम घरंगळतो आहे. तिला ओरडून सांगितलं, कुणाला तरी बोलाव. ती हलत नाही. खड्ड्यात वाकून हाक मारून राह्यली, श्रावण, माहा राजा, येजो, वर येजो –

खालून हात दिसला. बोटं. तिने धरला. बाई, तिने धरला त्याला. येतो आहे तो वर –

–

पडदा बदलला.

मी हात लावला नाही. दोन नंबर हिरवी. तीन नंबर. भैय्याजी – त्यांच्या खोलीतलं मशीन – तारेने याच्याशीच जोडलेलं आहे, माझ्या लक्षातच नाही आलं, पाहुणे आले असतील, ते सगळं एकदम हिरवं –

चार. पाच. सहा.

‘श्रावण – वर आला’. टिक. मी काढते तर निघत नाही –

देवकाबाईच्या हातातून सुटला. ती काय ओरडली ते ऐकवत नाही –

मी ओरडते तर जनरेटर. माझ्या खुर्चीखालची पण –

भैय्याजी, ही वही सापडली तर आधी टिक काढा. त्याची पण, माझी पण. हिरवं आहे ते खोटं आहे. माझी ओळ आत्ता हिरवी झाली. भैय्याजी, मी अजून व