तळ्यातला शाकाहारी मासा

१ जून १९३८, बुधवार
निपाणी म्युनिसिपालिटीने गावतळ्यात मासे सोडण्यासाठी कमिटी नेमली. तळं आमच्या परसदारी, आणि आळीत मॅट्रिक झालेली बाई मी एकटी. म्हणून मी मेंबर. हे तिथेच हेडक्लार्क आहेत, पण त्यांनी शिफारस केलेली नाही. म्हणाले, बायकांची एक जागा रिकामी होती. मी यात ईश्वरी योजना पाहते.
संकल्प: महादेवाच्या या तळ्यात एकाही जिवाची हत्या होऊ द्यायची नाही.

७ जून
पहिली मीटिंग. अध्यक्ष मेजरसाहेब, बेळगाव कँपातले पेन्शनर, गळाचे शौकीन. त्यांना मरळ हवा. गळाला लागला की झुंजतो म्हणे. डॉक्टरांना डासांच्या अळ्या खाणारे बारके मासे हवेत. नागोजी भोयाला, जाळ्यात भरेल ते काहीही. मी विचारलं, मरळ खातो काय? तर दुसरे मासे! उभी राहून ठणकावलं, देवळाच्या तळ्यात शाकाहारी मासाच हवा.
नागोजी म्हणाला, "वैनीसाब, त्येला जानवं बी घालूया की." सगळे हसले. मला धीर द्यायला हसले असावेत.

२१ जून
विजय! मुंबईहून आलेले मत्स्यखात्याचे अधिकारी म्हणाले, गुरामी नावाचा मासा आहे, पाला खातो. ठराव मी मांडला, एकमताने पास. ताटाएवढा वाढतो हे ऐकल्यावर मेजरसाहेबसुद्धा हो म्हणाले. पाल्यावर पोसल्यामुळे मांस गोड लागतं, असंही अधिकारी म्हणाले. ती माहिती ठरावात घालू नये असं मी सुचवलं. लगेच मानलं. माझ्या शब्दाला वजन आहे.

१२ जुलै
चिकोडी रोड स्टेशनवरून घागरींतून मासे आले. बोटाएवढे. हळदकुंकू वाहून सोडले. वाढ होईपर्यंत गळाला आणि जाळ्याला बंदी. रोज खाऊ मी घालणार: मेथीच्या काड्या, वांग्याची देठं, भोपळ्याची साल. वाया जायचं ते धर्माला लागलं. जादा खर्च शून्य.

३ नोव्हेंबर, कार्तिकी एकादशी
पूजेची घंटा वाजली की मासे पायरीशी गोळा होतात. आज त्यांनाही उपास घडवायचं ठरवलं. निर्जळी शक्य नाही, म्हणून नुसता निराहार.
शेजारची जयाबाई पायरीवर भांडी घासत होती. तिथूनच ओरडली, "वैनी, तुमचं मासं माझ्या टोपातली शितं खाऊन गेलं की! लई कडक उपास!"
परप्रांतातले आहेत. पंचांग कळायला वेळ लागायचाच.

१८ फेब्रुवारी १९४०, रविवार
आजपासून गळाची बंदी उठली. मी विरोध केला नाही. ज्याला गांडूळ वर्ज्य, त्याला गळाची भीती कसली? मेजरसाहेब आणि त्यांच्या क्लबातले साहेब दिवसभर छत्र्या लावून बसले होते. एकही मासा लागला नाही. ऊर भरून आला. शाकाहाराचं तेज!

२५ फेब्रुवारी
मेजरसाहेब स्वतः पायरीशी आले. इंग्रजीत विचारलं, हे मासे खातात तरी काय? मॅट्रिकच्या परीक्षेनंतर सलग इंग्रजी बोलायचा योग आला नव्हता. सगळं सांगितलं: साल कशी चिरायची, घंटा केव्हा वाजवायची, कोणत्या पायरीवर बसायचं. कुठेही अडखळले नाही. साहेबांनी टोपी काढली.
ह्यांना सांगितलं तर कपाळाला हात लावून बसले. पुरुषांना बायकोचं इंग्रजी सोसत नाही.

३ मार्च
साहेब आज घंटा घेऊन आले. भोपळाही. तासाभरात टोपली भरली. मासे आपणहून येतात, तोंड वर करून. मी खिडकी लावून घेतली. जयाबाई बाहेरून म्हणे, "वैनी, साहेबाची पूजा लई पावली बघा!"
निश्चय: उद्यापासून घंटा बंद.

४ मार्च
घंटा वाजवली नाही. तरी आले.

१० मार्च
तातडीची मीटिंग. मेजरसाहेबांची तक्रार: यात खेळ नाही. पळ नाही, झुंज नाही. गाय गोठ्यात यावी तसा मासा गळाला येतो. तेव्हा उरलेले गुरामी नागोजीने जाळ्याने काढून बाजारात विकावेत, आणि तळ्यात मरळ सोडावा. ठरावाची सुरुवात मात्र माझ्या आभारांनी होती. मासे माणसाळवण्याचं सौ. विनोदिनीबाईंचं कसब वगैरे. तेवढं ऐकून मी हात वर केला. पुढचं वाचून होईपर्यंत तो खाली घेणं बरं दिसलं नसतं. एकमताने पास.
बाहेर नागोजी म्हणाला, "वैनीसाब, एक गुरामी घरला धाडू? भाजीच की ती."
मी पदर सावरून घराकडे चालू लागले.

१५ मार्च
नागोजीने जाळं टाकलं. दुसरीकडे कुठे नाही, माझ्याच पायरीशी. मी देवघरात मोठ्याने जप केला. तरी पाण्याचा आवाज येत होता.

२८ मार्च
मरळाची पिल्लं आली. त्यांना खाऊ घालण्याचं काम कमिटीने माझ्याकडे दिलं, अनुभवी म्हणून. स्पष्ट नाही म्हणणार होते. पण पत्र इंग्रजीत होतं, आणि नावापुढे ऑनररी सुपरिंटेंडंट टाइप केलं होतं.
पिल्लांना गांडुळं आणि बेडकांची पोरं लागतात. जयाबाई म्हणते, ओढ्यात ओंजळीनं मिळतात.
ठरवलं: पहाटे, स्नानाआधी जायचं. पारोशी असताना केलेलं देव मोजत नसावा.