साहेबांचा दात

प्रिय धाकटे,

साहेबांबद्दल तुला कधी काही सांगायचं नाही, असं तू मला बजावलं होतंस आणि आजवर मी ते पाळलं. आज पाळणार नाही. रागावलीस तरी चालेल, पण मधेच टाकू नकोस, शेवटपर्यंत वाच.

तुझ्याकडून पिंजरा आणला तो दिवस अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. तुझ्या टिल्लूला जाऊन महिनाही झाला नव्हता. शाळा सुटायची वेळ झाली की साहेब जाळीला पुढचे पाय टेकून शीळ घालायचे, आणि कोणी आलं नाही तरी घालतच राहायचे. मुक्या जिवाला कोण समजावणार? तू भिंतीकडे तोंड करून उभी होतीस. म्हणालीस, "ताई, याला घेऊन जा. याचं पुढे काय झालं तेही मला सांगू नकोस." मी पिंजऱ्यावर चादर टाकली आणि बसने घरी आणलं. शेजारच्या बाईंनी विचारलं, पोपट आहे का? गिनीपिग म्हटल्यावर त्या जरा सरकूनच बसल्या. त्या दिवशीही मला हसू आलं, आणि हसू आल्याची लाजही वाटली.

माझ्या शिलाई मशीनशेजारी, खिडकीखालच्या कोपऱ्यात त्यांचं बस्तान बसलं. दिवसभर मी लोकांच्या पँटी आखूड करायची आणि साहेब सुकं गवत चघळत माझ्यावर देखरेख ठेवायचे. टिल्लूने नाव मात्र अगदी चपखल ठेवलं होतं. काम काही करायचं नाही आणि घरादाराला पळवायचं, म्हणून साहेब. त्या पोरामुळे आपण सगळेच एका मूठभर प्राण्याला अहोजाहो करायला लागलो.

आता जे सांगते आहे, ते सांगणार नाही असं मी कबूल केलं होतं. साहेब आले त्याच महिन्यात, एका गुरुवारी संध्याकाळी दाराची बेल वाजली. दारात तुझा नवरा उभा. हातात अवजारांची पिशवी, कोपरापर्यंत लिफ्टचं ग्रीस. इथे जवळच काम निघालं होतं, म्हणून डोकावलो, म्हणाला. मी चहा टाकला. तो आत जाऊन हात धूत राहिला, इतका वेळ की मला वाटलं नळ तसाच सोडून बसला की काय. मग येऊन खाली फरशीवर बसला, साहेबांना मांडीवर घेतलं, आणि धाकटे, तो माणूस रडला. आवाज न करता, खांदे गदगदा हलवत. चहावर साय धरली, तरी तो रडतच होता. टिल्लू गेला तेव्हा हॉस्पिटलात त्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही, म्हणून तू त्याला दगड म्हणालीस. मीही मनातून तुझीच री ओढली होती. जाताना म्हणाला, "ताई, तिला सांगू नका. ती सकाळी उठून कशीबशी दुकानात जायला लागलीय. साहेबांचं नाव काढलं तर पुन्हा अंथरूण धरेल."

त्यानंतर एकही गुरुवार चुकला नाही. टिल्लू रोज रात्री जेवताना त्याला विचारायचा ना, आज कुठली लिफ्ट अडकली? तेच तो साहेबांना सांगायचा. कुठल्याशा बँकेत मॅनेजरच कसा दोन मजल्यांच्या मधे लटकला, एक आजीबाई लिफ्टमध्ये अडकल्या तर तिथेच भाजी निवडत कशा बसल्या. मी मशीन चालू ठेवायची, म्हणजे त्याला वाटावं मला ऐकू येत नाही. पण पाय हळूच मारायची.

मग तो गुरुवार आला. तो नेहमीसारखा बोलत बसला होता. खाली रस्त्यावरून कुठल्यातरी मुलाने हाक मारली, "बाबा, थांबा ना!" रस्त्यावर शंभर मुलं असतात, शंभर बाबा असतात. पण तुझा नवरा ताडकन उभा राहिला. मांडीवर साहेब होते हे त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. ते फरशीवर तोंडावर पडले. उचलून पाहिलं तर ओठाला रक्त, आणि वरच्या दोन दातांपैकी एक मुळापासून मोडलेला, दुसऱ्याचा टवका उडालेला. तो तुकडा तळहातावर धरून तो नुसता बघत राहिला. तांदळाच्या कणीएवढा तुकडा. मीच दंडाला धरून त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं.

बाई भली होती. म्हणाली, यांचे दात आयुष्यभर वाढत असतात, मोडला तर काही आठवड्यांत पुन्हा येतो. पण वरचे मोडले की खालच्यांना झिजवायला कोणी उरत नाही, ते वाढत सुटतात आणि तोंडात रुततात. तेव्हा दर आठवड्याला या, मी ते घासून देईन, घरी नेलकटर लावू नका, दात उभा चिरतो. आणि काहीही झालं तरी पोट रिकामं राहू देऊ नका. यांचं खाणं थांबलं की आतडं थांबतं.

तेव्हापासून तो रोज यायला लागला. दिवसा मी, संध्याकाळी तो. साहेबांचा खुराक कोमट पाण्यात भिजवून त्याची पेज करायची, त्यांना टॉवेलात गुंडाळायचं आणि बिनसुईच्या सिरिंजने तोंडाच्या कडेने थेंब थेंब घालायची. माझ्या हातून निम्मी पेज टॉवेललाच मिळायची. त्याच्या त्या जाड, खरबरीत बोटांना मात्र ते जमायचं. काकडीचे धाग्यासारखे काप करून द्यायचा. "हा घास बाबाचा," म्हणायचा. मग जरा थांबायचा, आणि म्हणायचा, "हा आईचा." तुझ्या नावाचा घास त्याने एकदाही चुकवला नाही.

दात यायला लागला होता, धाकटे. कोवळं पांढरं टोक मी स्वतः पाहिलं. त्या दिवशी आम्ही दोघांनी पेढा मिळाल्यासारखं तोंड केलं होतं. आणि पुढच्याच आठवड्यात जबड्याखाली गाठ आली. मोडलेल्या मुळाशी पू झाला होता. बाईंनी तो काढला, औषध दिलं, तरी साहेबांनी तोंड मिटलं ते मिटलंच. पेज आत जायची आणि तशीच ओठांतून बाहेर यायची. परवा दुपारी मी त्याला कामावरून बोलावून घेतलं. साहेब त्याच्या मांडीवरच गेले. त्याने बराच वेळ टॉवेल सोडला नाही. मग एकच वाक्य बोलला, "ताई, हाही माझ्या हातातच गेला." आम्ही मागच्या अंगणात, भिंतीच्या कडेला त्यांना पुरलं. माती तो हातानेच ओढत होता, मी फावडं देत होते तरी.

आणि काल सकाळी तुझा फोन आला. त्याचं बाहेर कुणीतरी आहे, म्हणालीस. आधी गुरुवारीच उशीर व्हायचा, आता रोजच होतो. परका साबण लावून येतो, विचारलं तर नजर चुकवतो, आणि शर्टावर तांबूस केस सापडतात. रविवारी घर सोडून माझ्याकडे येते, म्हणालीस. मी नुसतं हूं हूं करत राहिले, कारण तोंड उघडलं असतं तर हुंदकाच आला असता. म्हणून हे लिहिते आहे, आणि तू दुकानातून यायच्या आत दाराखालून सरकवून जाणार आहे. साबण माझ्या मोरीतला आहे. आणि ते तांबूस केस साहेबांचे आहेत. टिल्लूच्या शाळेच्या स्वेटरवरून तूच ते रोज बडबडत झटकायचीस, तरी तुला ओळखू आले नाहीत. तू राहा की निघ, हे मी सांगणार नाही. माझ्या घराचं दार तुला कधीच बंद नाही. पण आज तो वेळेवर घरी येईल, धाकटे. त्याला रडायला आता दुसरीकडे कुठे जागा उरलेली नाही.

तुझीच,
ताई