गेरू लागलेले सव्वीस कागद

हैदराबाद,
१२ नोव्हेंबर २००७

ती. दादांस,
इंद्रायणीचा शि. सा. न. वि. वि.

दिवाळीला आले नाही म्हणून माय रुसली असेल, हे मला इथे बसून दिसतं. तिला सांगा, मी रिकामी बसलेली नाही. तुमचा मोबाईल तीन दिवस बंद लागतोय, म्हणजे तुम्ही भोकरदनहून मेंढरं घेऊन वडीगोद्रीला पोचलात आणि मोबाईल धर्मराजच्या दुकानात चार्जिंगला पडलाय, असं धरून त्याच्याच पत्त्यावर लिहिते. शिवाय जे दाखवायचं आहे ते फोनवर दिसण्यातलं नाही.

तुम्ही मागे विचारलं होतं की मी इथे नेमकं करते काय. ऐका. जपानमध्ये एक व्हिडिओ गेम आहे, टीव्हीला जोडून खेळायचा. त्यात एक अख्खी दुनिया रचलेली आहे: पडलेली शहरं, काळ्या नद्या, लोखंडी पूल, सैनिक. खेळणारा सैनिक होतो आणि त्या दुनियेतून लढत जातो. आता त्याच दुनियेवर सात छोटे कार्टूनपट निघतायत, एका जत्रेची गोष्ट सात जणांनी आपापल्या परीनं सांगावी तसे. सहा जपानमध्ये होतायत. सातवा आमच्या कंपनीकडे आलाय, अकरा मिनिटांचा, सगळा कागदावर हातानं काढायचा. तो आहे मेंढपाळाचा. गेममध्ये मेंढपाळ नुसते रस्त्याकडेला उभे असतात, सैनिक त्यांच्याकडे न बघता निघून जातो. विषय मी सुचवला आणि तो घेतला गेला, म्हणून माझा जीव त्यात अडकलाय.

अडचण अशी की जपानवाल्यांना आता सातच्या जागी सहाच पुरे वाटतायत. २० डिसेंबरला टोकियोहून मोरिता बाई येणार आहेत. सातही पटांतल्या चित्रांवर शेवटचा हात त्यांचा. आमच्या पटातला चाळीस सेकंदांचा तुकडा त्या बघतील आणि तिथेच ठरवतील. नाही म्हणाल्या तर आमच्या आठ जणांची नोकरी डिसेंबरअखेर संपली. मग मायनं म्हटल्याप्रमाणे जूनमध्ये डी.एड.चा फॉर्म भरायला मी भोकरदनला हजर.

तुकडा असा आहे: कळप लोखंडी पुलावरून पलीकडे न्यायचा. मेंढपाळ मागून भाला घेऊन हाकतो, सैनिक येतात, तो लढतो. त्यातल्या सव्वीस मुख्य चित्रांच्या झेरॉक्स सोबत रजिस्टरनं पाठवतेय. गेममधली जनावरं म्हशीएवढी आणि चार शिंगांची आहेत, तेवढं पोटात घाला. चाल बरोबर आहे का ते सांगा. मला ती कुठेतरी खोटी वाटते आणि कुठे ते सापडत नाही.

तुमचा आणि मायचा लोभ आहेच, तो दिवाळी चुकवल्यामुळे कमी होऊ देऊ नका.

आपली,
इंद्रायणी


वडीगोद्री,
२३ नोव्हेंबर २००७

चि. इंद्रायणीस,
तुझा बाप सांडू याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पाकीट मिळालं. आम्ही हायवेपासून कोसभर आत एकाच्या वावरात मेंढरं बसवली आहेत. खतापायी तो ज्वारी देतो आणि पाणीही आहे. जनावरं खुशाल आहेत. तुझी माय खुशाल नाही, पण ते तुला माहीतच आहे.

म्हशीएवढी मेंढी बघून आपल्या कळपावरचा कचरू दिवसभर हसत राहिला. म्हणाला की हिची लोकर कातरायला गावजेवण घालून माणसं बोलवावी लागतील. हसून झाल्यावर मात्र आम्ही कागद ओळीनं मांडले आणि बराबर पाहिले. तुझा हात चांगला आहे. शिंगं चार काढ नाहीतर दहा, मान मेंढीचीच आहे. पण हा कळप त्या पुलावरून बिलकुल जाणार नाही.

पूल लोखंडी जाळीचा, खाली पाणी दिसतं. मेंढरू खालचं पाणी पाहिलं की पाय रोवतं. मागून भाला टोचलास तर ते पुढं जात नाही, गोल फिरतं आणि आपल्याच पायात शिरतं. तुझी मात्र सरळ चालली आहेत, शाळेच्या रांगेसारखी. इथल्या कॅनॉलवर तसाच एक पूल आहे. तू पाच-सहा वर्षांची असशील, आपण तिथं अर्धा दिवस अडकलो होतो. शेवटी काय केलं होतं? एक कोकरू उचललं आणि चालायला लागलो. त्याची माय मागून आली, आणि तिच्या मागं सगळा कळप. मेंढपाळ पुढं असतो, मागं नाही. भाल्याचं तिथं काही काम नाही.

तुझे कागद बघायला शेजारच्या तीन कळपांवरची माणसं आली होती. जो तो एक एक कागद उचलून नेऊ लागला. मिसळू नयेत म्हणून मी प्रत्येक कागदावर आपली गेरूची खूण केली, मेंढरांना करतो तशी, पाठीवर दोन बोटं. मग हात ओला होताच, तर जिथं जिथं पाय चुकलाय, मान चुकलीय, तिथंही ठिपका ठेवला आणि चाल कशी हवी ते ओढून दाखवलं. एकही कागद हरवलेला नाही, सगळे सव्वीस परत पाठवत आहे.

माय म्हणते की डी.एड. झालेल्या पोरीला बारा महिने सावलीत बसायला मिळतं. निरोप दिला, माझं काम झालं.

लोभ इथं आहे, तिथं पत्रानं पोचवत राहू.

तुझा,
दादा


हैदराबाद,
२ डिसेंबर २००७

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

दादा, मी आज रागात लिहितेय, आधीच सांगते.

पाकीट उघडलं आणि मला रडू आलं. चूक पहिली माझी. झेरॉक्स माझ्या पिशवीतच राहिल्या आणि तुमच्याकडे गेली ती मूळ चित्रं. दीड महिन्याचं काम. त्यावर तुम्ही गेरू फासलात. पेन्सिल असती तर पुसली असती. गेरू पाण्यानं पसरतो आणि खोडरबरानं कागदात मुरतो, हे मला चार कागद नासवल्यावर कळलं. आमचे मुख्य सर म्हणाले की झेरॉक्सवरून छापून काढू, पण त्यात रेघा तुटक येतात. जगात दुसरं कुणी असं करेल का हो? चित्रावर कुणी मेंढरासारखी खूण करतं का?

दोन दिवस मी ते कागद उलटे ठेवले होते. काल सरळ केले. एक एक पाहिला. तुमचा प्रत्येक ठिपका बरोबर आहे. मला जे सापडत नव्हतं ते सगळं तिथे लाल होऊन पडलेलं आहे. त्याचाही राग आला.

मी सरांना कोकराची गोष्ट सांगितली. ते हसले. गेम खेळणाऱ्या पोरांना मारामारी लागते, कोकरू उचलून चालणारा माणूस कोण बघेल, असं म्हणाले. मग म्हणाले की तुला करायचंच असेल तर तुझ्या वेळात कर, कंपनीचा तुकडा भाल्याचाच राहील. मी बरं म्हटलं. जेवणाची सुट्टी आणि तीन रविवार माझे आहेत. पहिल्यापासून काढतेय. बाई आल्या की दोन्ही समोर ठेवणार, सर काय म्हणायचं ते म्हणोत.

तेव्हा उलट टपाली लिहा. कोकरू कसं धरायचं? कुठल्या हातात? मेंढी कोकराकडे बघते की माणसाकडे? पहिला पाय ठेवते तेव्हा मान खाली असते की वर? मला आठवत नाही. मी तेव्हा तुमच्या खांद्यावर होते आणि पाण्याकडे बघत होते.

राग उतरला की लोभ होता तिथेच सापडेल.

आपली,
इंद्रायणी


वडीगोद्री,
७ डिसेंबर २००७

चि. इंद्रायणीस,
आशीर्वाद. वि. वि.

मूळ कागद होते हे मला कसं कळणार? चुकलं म्हण. पण ठिपके परत घेत नाही.

आता लिहून घे. कोकरू डाव्या बगलेत, तोंड मागं. ते आईला दिसलं पाहिजे. घोंगड्यात झाकायचं नाही. ओरडत नसेल तर कान जरा चोळायचा. उजव्या हातात काठी, पण टेकवायची नाही, जाळीवर आवाज होतो आणि बुजतात. मेंढी माणसाकडे बघत नाही, कोकराकडेच बघते. पहिला पाय ठेवते आणि काढून घेते. पुन्हा ठेवते, पुन्हा काढते. तेव्हा तिची मान खाली असते. मग कोकरू ओरडतं, तिची मान वर येते, आणि मान वर आली की खालचं पाणी तिला दिसत नाही. तेवढ्यात ती निघते. बाकीची तिच्या शेपटाकडं बघत येतात. एवढंच आहे ते.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. पुढं चालणाऱ्यानं मागं वळून बघायचं नाही. वळला की तो थांबला, आणि तो थांबला की ती थांबली, मधोमध. मग काही खरं नाही. पाठीमागं खूर वाजतायत की नाही ते कानानं ऐकायचं. जीव तुटतो, पण मान फिरवायची नाही.

तुला पहिल्यांदा जालन्याच्या स्टेशनवर गाडीत बसवलं, तेव्हा मी मागं न बघता निघून गेलो म्हणून तू सहा महिने बोलली नव्हतीस. मी वळलो असतो तर तू डब्यातून उतरली असतीस. मला ठाऊक होतं. फाटकापर्यंत गाडीचा आवाज ऐकत गेलो. हे तुला सांगायचं नव्हतं, आता कामाचं निघालं म्हणून लिहिलं.

माय म्हणते, पोरगी अर्धं टाकून आली तर तिला घरात घेणार नाही. ही बाई कुणाच्या बाजूची आहे ते मला लग्नापासून कळलेलं नाही.

जल्दी कर. बाकी लोभ मोजायचा नसतो.

तुझा,
दादा


हैदराबाद,
२२ डिसेंबर २००७

ती. दादांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी टेबलासमोर भिंतीला चिकटवलं होतं, शेवटचा भाग आत दुमडून. तो माझा मी वाचते.

मोरिता बाई परवा आल्या. साठीच्या असतील, बुटक्या, केस पांढरेशुभ्र, बोलणं अगदी कमी. सरांनी भाल्याचा तुकडा दाखवला. बाईंनी मान हलवली. सर आपण जिंकलो असं समजून चहा मागवायला निघाले. तेवढ्यात मी उठले आणि माझा तुकडा लावा म्हटलं. चाळीस सेकंद चालला. बाईंनी पुन्हा लावायला सांगितला. मग तिसऱ्यांदा. मेंढी पाय काढून घेते तिथे त्यांनी थांबवला आणि हे कुठून आलं असं दुभाष्यामार्फत विचारलं.

मी तुमचे गेरूचे कागद पुढे ठेवले. आता गंमत ऐका. त्यांच्याकडे पद्धत अशी आहे की ज्येष्ठ माणूस कनिष्ठांच्या चित्रावर रंगीत पेन्सिलीनं दुरुस्ती करून देतो. बाई स्वतः आयुष्यभर तेच करत आल्यात. त्यांनी सव्वीसच्या सव्वीस कागद उलटून पाहिले आणि कंपनीकडे एवढा मोठा दुरुस्तीकार असताना त्यांना आज का बोलावलं नाही, असं सरांना विचारलं. मी सांगितलं की ते माझे वडील आहेत आणि सध्या वडीगोद्रीला मेंढरं बसवून आहेत. दुभाष्यानं ते दोनदा माझ्याकडून खात्री करून घेतलं. मग बाईंनी विचारलं की प्रत्येक कागदावर ही दोन बोटं कशाची. मी म्हटलं, ती आमच्या कळपाची खूण. हे आमचे, असा त्याचा अर्थ. बाई तेव्हा पहिल्यांदा हसल्या.

पट राहिला, दादा. सातच्या सात राहिले. पण अट आहे. अकराही मिनिटं नव्यानं, अशाच चालीनं, भाल्याशिवाय, आणि एप्रिलअखेर पूर्ण. साडेतीन हजार कागद होतील. मी मोठ्या तोंडानं हो म्हणून बसलेय आणि करणार आहे. ते सव्वीस कागद बाईंनी मागून घेतले, टोकियोच्या पोरांना दाखवायला. सर आता सगळ्यांना सांगत फिरतात की कोकराची कल्पना त्यांना पहिल्यापासून पसंत होती.

मायला सांगा, फॉर्म आणू नको.

मी होळीला येणार नाही, पाडव्यालाही नाही. तोवर लोभ सांभाळून ठेवा, आल्यावर व्याजासकट नेईन.

आपली,
इंद्रायणी


वडीगोद्री,
९ नोव्हेंबर २००८

चि. इंद्रायणीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू पाठवलेली सीडी मिळाली. आम्ही पुन्हा वडीगोद्रीत आहोत. यंदा धर्मराजच्या दुकानामागचंच वावर मिळालं, ते बरं झालं.

काल दिवस मावळायच्या आत पाहिली. धर्मराजनं टीव्ही दुकानाच्या दाराकडं तोंड करून ठेवला. चार कळपांवरची माणसं, बाया, सगळे आले होते. तुझी माय मागं उभी राहिली. तिला बसायचं नव्हतं, कारण बसलं की कौतुक केल्यासारखं होतं. पहिले सहा पट आम्ही पाहिले. त्यात फार मारामारी आहे. कुणाचं भांडण कुणाशी ते आम्हाला कळलं नाही, पण रंग चांगले आहेत.

मग तुझा लागला. त्यातल्या मेंढपाळाचं घोंगडं पाहून कचरूनं आपल्या खांद्यावरचं सारखं केलं. पूल आला. तुझी ती चार शिंगांची मेंढी पुढं आली, पाय ठेवला, काढला. पुन्हा ठेवला, काढला. मला माहीत होतं काय होणार आहे, मीच लिहून दिलं होतं, तरी मी बसल्या जागी पुढं सरकलो. आणि कचरूला राहवलं नाही. तो उठला आणि टीव्हीतल्या मेंढीला हाक घातली, आपण कळपाला घालतो तशी, छाती भरून.

मेंढी पुलावर निघाली. ती तू काढलेली होती, ती निघणारच होती. पण मागं वावरात बसलेली आपली मेंढरं उठली. हाक म्हणजे हाक. कळपाभोवतीची जाळी पाडून सगळी दुकानाला वळसा घालून पुढं आली आणि दारात, पायरीवर, माणसांमधून माना घालून उभी राहिली. धर्मराज घाबरला. दार लावा, गुळाची ढेप उघडी आहे, असं तो म्हणत होता. मी उठलो हाकायला.

तुझ्या मायनं माझा हात धरला. टीव्हीवरची नजर तिनं काढली नाही. म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, बघू द्या त्येन्लाबी. त्येंचंच हाये."

इथून पुढं तुला लोभाबद्दल मी लिहिण्याचं कारण नाही.

तुझा,
दादा